तिच्या नावावरचे गाऱ्हाणे

छत्तीस वर्षांच्या नोकरीतली बरीचशी प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्यातला, हे सांगायला मला जुन्या डायऱ्या काढाव्या लागतात. मालवण किनाऱ्यावरची एक घटना मात्र आजही दिवसावार आठवते, आणि आठवली की, खरे सांगतो, छाती थोडी फुगते. त्या प्रकरणात मी एकही गोळी झाडली नाही, कुणाचा पाठलाग केला नाही. एका बाईचे तोंड बंद करा, असे सांगायला माझ्या ठाण्यात दोन-अडीचशे माणसे आली होती. चौदा दिवसांनी ते तोंड उघडेच राहिले, एवढीच ती हकीकत. नावे कुणाचीच घेणार नाही, गावांचीही नाही.

मी मूळचा घाटावरचा. सिंधुदुर्गात बदली झाली ती निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना. तिथली बोली पहिले सहा महिने मला निम्मीच कळायची. फिर्यादी माझ्या खोलीत आला की शुद्ध मराठीत बोलायचा, आणि बाहेर बाकावर जाऊन बसला की मालवणीत खरे काय ते सांगायचा. त्यामुळे खोलीतला जबाब मी कच्चा धरायचो आणि बाकावरचा पक्का. आमचे एक हवालदार त्यासाठीच बाकावर पेपर उघडून बसायचे. पन्नाशी ओलांडलेली, तोंडात कायम सुपारी, आणि घरी गावच्या देवळाचा पिढीजात मान. या हकीकतीतला खरा तपासी अंमलदार कोण म्हणाल तर तेच.

किनाऱ्यावरच्या एका गावात एक बाई खानावळ चालवायच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, आवाज खणखणीत. पर्यटक त्यांच्याकडे बांगड्याच्या तिखल्यासाठी यायचे आणि गावकरी त्यांच्या गाऱ्हाण्यांसाठी. कोकण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिकडे देवळात गावाच्या वतीने एक मानकरी देवापुढे उभा राहतो, गावच्या साऱ्या देवांची नावे घेतो, अडीअडचणी मोठ्याने सांगतो आणि आडव्या येणाऱ्याचा बंदोबस्त कर म्हणून विनवतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. हेच गाऱ्हाणे. ते घालायचे पुरुषांनी, अशी रीत. बाईंनी ती बाजूला ठेवली आणि खानावळीच्या चुलीपुढे, हातात पळी घेऊन, मोबाइलवर व्हिडिओ करून समाजमाध्यमावरच्या आपल्या पानावर गाऱ्हाणी घालायला सुरुवात केली. मागे भाकऱ्या थापणाऱ्या दोघीतिघी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला तयारच असायच्या.

आधी विषय साधे होते. जेटीवरचा दिवा, वेळेवर न येणारी एसटी. मग त्यांनी खाडीतल्या रेतीला हात घातला. परवान्यापेक्षा कितीतरी जास्त रेती उपसली जात होती, बंधारा खचत चालला होता आणि खारे पाणी भातशेतीत शिरत होते. त्यांचा तो व्हिडिओ मी नंतर इतक्या वेळा पाहिला की मला पाठ झाला. गावच्या देवांची नावे घेऊन झाली की बाई म्हणायच्या,

“बा देवा म्हाराजा! खाडयेतली रेती रोज डंपर भरान जाता हा. बंधारो खचलो, खारां पाणी शेतात इलां. जो कोण ह्यां करता हा, तेका सुबुद्धी दी. तरीय ऐकलो नाय तर तेचे डंपर चिखलात रुतव, तेका उभो आडवो कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सारा तालुका हसला. आठवड्याभरात बाईंचे पान बंद पडले. कारण इंग्रजीत आले होते, त्याचा अर्थ एवढाच की या मजकुरात हिंसाचाराची धमकी आहे. शेकडो लोकांनी एकाच दिवशी तक्रारीचे बटण दाबले होते, आणि ती पाने चालवणाऱ्या कंपनीच्या यंत्राने ‘उभो आडवो कर’ एवढेच बहुधा वाचले होते. बाई ठाण्यात आल्या.

“सायबानू, माका एक सांगा. मी देवाक सांगतंय. मगे ता कंपनीक कित्याक झोंबला?”

मी त्यांना सांगितले की हा पोलिसांचा विषय नाही, कंपनीकडे अर्ज करा. त्या गेल्यावर मी हवालदारांना म्हणालो, “बरं झालं, एक डोकेदुखी कमी.” हे इथे लिहितो आहे, कारण नंतर मला त्याची लाज वाटली. समाजमाध्यमे म्हणजे पोलिसांच्या मागे लागलेला विनाकारणचा बंदोबस्त, असेच माझे तोपर्यंतचे ठाम मत होते. जत्रेतली मारामारी असो की निवडणुकीतली बाचाबाची, मुळाशी कुणीतरी काहीतरी टाकलेले असायचेच. सगळेच बंद झाले तर मला हवेच होते.

पाच-सहा दिवस गेले. सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास गोपनीय शाखेच्या अंमलदाराचा फोन आला. “साहेब, शेजारच्या गावातून टेम्पो भरून माणसं ठाण्याकडे निघालीत. खानावळवाल्या बाईंविरुद्ध आहे.” मी दोन कर्मचारी खानावळीवर पाठवले, फाटकावर चौघे उभे केले आणि गर्दीतल्या पाच जणांनाच आत घ्यायला सांगितले. बाकीच्यांना आवारातल्या वडाखाली बसवून पाणी द्यायला लावले. पाणी पिऊन बसलेला माणूस लवकर उठत नाही, हा माझा जुना अनुभव.

त्या पाचांत पुढे होते त्या गावचे गावकार, म्हणजे देवळातले पहिले मानकरी. सत्तरीचे, स्वच्छ धोतर, आवाज न चढवता बोलणारे. अशा माणसाचा राग जास्त जपून हाताळावा लागतो. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे ठेवला. बाईंच्या नावाचे आणि फोटोचे नवे पान उघडले गेले होते आणि त्यावर एक लिहिलेले गाऱ्हाणे होते. त्यातल्या एका वाक्यात या गावच्या देवीची आणि तिथल्या बायकांची इतकी हीन निंदा होती की ते वाक्य मी इथे लिहिणार नाही.

“साहेब, आम्हाला गुन्हा दाखल करून हवा आणि आजच अटक हवी,” गावकार म्हणाले. “ह्या बाईने यापुढे तोंड उघडता कामा नये.”

नव्या कायद्यात एक चांगली सोय आहे. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने आधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. मी तिथल्या तिथे फोन करून परवानगी मागितली. साहेबांनी दिली, पण बजावलेही, “चौदा म्हणजे चौदा. पंधराव्या दिवशी मला गावात दगड नको.”

गावकारांना मी मुदत सांगितली. त्यांनी बाहेर जाऊन आपल्या माणसांशी चर्चा केली आणि परत येऊन शांतपणे म्हणाले, “चौदा दिवस आम्ही गप्प. त्यानंतर तुमच्याकडून काही झालं नाही, तर आम्ही थेट तिच्या दारात. मग माझ्या शब्दाला कोण मान देईल, हे मी सांगू शकत नाही.” ती धमकी नव्हती. म्हातारा माणूस मला खरेच सावध करत होता.

दुपारी बाईंना बोलावले. महिला अंमलदारासमोर दोन तास विचारपूस केली. त्यांचे म्हणणे एकच. ते नवे पान माझे नाही, त्यातले अक्षरही माझे नाही. त्यांनी मोबाइल स्वतःहून पुढे केला. त्यात काही मिळाले नाही, पण त्यामुळे काही सिद्धही होत नव्हते, कारण दुसरा मोबाइल कुणाकडेही असू शकतो. मला मार्ग सोपा हवा होता. मी एक माफीनामा टाइप करून घेतला. झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, यापुढे असे व्हिडिओ करणार नाही. सही केली की गाव शांत होईल, असे मी त्यांना समजावले.

बाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि माझ्याकडे सरकवला.

“जा मी लिवलंयच नाय, तेची माफी मागू?”

“बाई, मी तुमच्या भल्याचं सांगतोय. थोडे दिवस गप्प बसलात तर काय बिघडलं?”

“सायबानू, आज मी सय केलंय, तर उद्या जो तो म्हणतलो, लिवलेला हिनाच. आणि मी गप ऱ्हवलंय, तर त्या बंधाऱ्याचा कोण बोलतलो? तुमी?”

मला राग आला. ठाण्यातल्या खुर्चीला असे विचारायची सवय कुणी लावलेली नसते. मी त्यांना जायला सांगितले. खरे तर त्याच दिवशी मी त्यांची फिर्याद घ्यायला हवी होती, कारण त्यांचे नाव आणि फोटो चोरीला गेले होते. मी गर्दीचा अर्ज आधी घेतला आणि जिचे नाव चोरले तिला माफीनामा दिला. पोलीस खात्यात हा उलटा क्रम नवा नाही, पण तो माझ्या हातून झाला हे मी मान्य करतो.

पुढचे आठ दिवस पत्रव्यवहारात गेले. सायबर शाखेने कंपनीकडे ते पान कुठून चालते याची माहिती मागितली. उत्तर आले, विनंती प्रक्रियेत आहे. ते पान काढून टाका, असे आम्ही कळवले. त्याला मात्र मिनिटाभरात उत्तर आले की सदर मजकूर आमच्या नियमांचा भंग करीत नाही. म्हणजे देवाला केलेली विनवणी धमकी ठरली होती, आणि दोन गावांत डोकी फुटतील अशी शिवी नियमात बसली होती. बाईंचे खरे पान बंद आणि त्यांच्या नावाचे खोटे पान सुरू. त्या उत्तरावर कुणाची सही नव्हती. ज्याच्याशी भांडावे असा माणूसच समोर नाही, हे मला नोकरीत पहिल्यांदा घडत होते. गावात इकडे खानावळीकडे कुणी फिरकत नव्हते. भाकऱ्या थापायला येणाऱ्या बायकांनाही घरच्यांनी थांबवले होते. बाई एकट्या चूल पेटवून दारात बसायच्या, असे बंदोबस्तावरचे कर्मचारी सांगायचे.

नववा दिवस. दुपारी मी महिला अंमलदाराला त्या खोट्या पानावरची पूर्ण पोस्ट कागदावर काढायला सांगितली. तोपर्यंत आम्ही सगळे, मी धरून, ते एकच घाणेरडे वाक्य पाहत होतो. मोबाइलवर फिरत होते तेही तेवढेच, वरचे आणि खालचे कापून. पूर्ण मजकूर दीड पान निघाला. मी हवालदारांना म्हणालो, “जरा मोठ्यानं वाचा. मला चालीसकट ऐकायचंय.”

त्यांनी सुपारी थुंकली, चूळ भरली, टोपी नीट केली. कागदावरचे का होईना, देवांची नावे घ्यायची होती. खड्या आवाजात सुरुवात केली. पहिले नाव ग्रामदेवतेचे. दुसरे नाव आले आणि ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचले आणि पुन्हा तिथेच थांबले.

“काय झालं?”

“सायबानू, ह्यां गाऱ्हाणां त्या बायचां नाय.”

“कशावरून?”

“तिच्या गावात ग्रामदेवीच्या मागसून पावणाई येता, मगे रवळनाथ. म्हापुरुस सगळ्यांच्या शेवटाक. हय बगा, म्हापुरुस दुसरो इलो.”

मला अजून उलगडा होत नव्हता. त्यांनी बसून समजावले. प्रत्येक गावात देवांचा मान ठरलेला असतो आणि गाऱ्हाण्यात नावे त्या मानाप्रमाणेच येतात. हा क्रम कुठे छापलेला नसतो. लहानपणापासून देवळात उभे राहून तो कानात बसतो. माणूस परगावी गेला, मुंबईला गेला, तरी त्याचा क्रम बदलत नाही. मी लगेच बाईंचे जुने व्हिडिओ लावायला सांगितले. लोकांनी आपापल्या मोबाइलवर उतरवून ठेवले होते म्हणून ते मिळाले. सात व्हिडिओ पाहिले. बाई थट्टा कितीही करोत, नावे मात्र प्रत्येक वेळी त्याच क्रमाने आणि म्हापुरुष शेवटी.

“मग म्हापुरुष दुसरा कुठल्या गावात?”

हवालदारांनी आधी उठून दार लोटून घेतले. आपण एका गावाकडे बोट दाखवतो आहोत, याची त्यांना जाणीव होती. “खाडयेपलीकडे एकच गाव आसा. तेंचो म्हापुरुस बंधाऱ्यार बसता. पूर्वी कधी बंधारो फुटलेलो, तेवा तेनाच राखलान म्हणान तेका दुसरो मान दिल्यानी. दुसऱ्या खंयच्याच गावात असो नाय.”

मी खुर्चीतून उठलोच. नऊ दिवस मी परदेशातल्या कंपनीकडे माहिती मागत होतो आणि माहिती माझ्या टेबलावर दीड पानात पडली होती. त्याच तासाला बाईंना बोलावून त्यांची फिर्याद घेतली. ओळख चोरणे, तोतयेगिरी करून फसवणे आणि दोन समाजगटांत वैर पसरवणे या कलमांखाली अनोळखी इसमाविरुद्ध गुन्हा दाखल केला. फिर्यादीवर सही करताना बाई म्हणाल्या, “ह्या कागदार सय करतंय मी.” मी मान खाली घालून शिक्का मारला.

गाव कळले, माणूस कळायचा होता. पण त्या गावातून खानावळवाल्या बाईंवर दात धरणारा कोण, हे फार शोधावे लागले नाही. बंदरावर माशांच्या लिलावात बसणारी एक वृद्ध बाई हवालदारांची जुनी ओळखीची. तिने बाकावर येऊन खबर दिली. त्या गावातला एक डंपरमालक लिलावाच्या जागी सगळ्यांपुढे बोलला होता, ‘आता बघा तिचा पान कसां बंद पडता ता.’ तो हे बोलला त्याच्या दुसऱ्या दिवशी पान बंद पडले होते. खाडीतला उपसा त्याच्याच होड्यांचा. आणि त्याचे घर देवळातल्या मानकऱ्यांपैकी, म्हणजे क्रम कानात पक्का बसलेला.

अकराव्या दिवशी सकाळी नोटीस देऊन त्याला चौकशीला बोलावले. चाळिशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन मोबाइल टेबलावर ठेवून बसला. मी चहा सांगायच्या आत त्यानेच विचारले, “साहेब, चहा घेणार?” अशी माणसे मी बरीच पाहिली आहेत. समोरच्याची खुर्ची आपलीच आहे असे दाखवणारा माणूस आतून घाबरलेला असतो.

तासभर तो काहीच कबूल करेना. आपल्याला मोबाइलमधले फारसे कळत नाही, गाऱ्हाणे वगैरे म्हाताऱ्यांचे काम, आपण कधी घातले नाही. मी हवालदारांना खूण केली. ते खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले आणि गप्पा मारायला लागले. यंदाची जत्रा, पालखी, कुणाकडे कुठला मान. गडी सैल झाला. मग हवालदार सहज म्हणाले, “तुझ्या गावचां गाऱ्हाणां म्हण बघया. फक्त म्हापुरुसाक पावणाईच्या मागसून घाल.”

“तसां कसां?”

“म्हण रे. आमच्या सायबाक ऐकूचा आसा. हय कोण बघता?”

त्याने हात जोडले, पहिले नाव घेतले आणि अडकला. ओठ हलले, पण आवाज येईना. त्याने जोडलेले हात खाली घेतले.

“नाय. तसां म्हणूक येणा नाय. देव कोपतलो.”

मी दीड पानाचा कागद त्याच्यापुढे ठेवला आणि दुसऱ्या नावावर बोट ठेवले. त्याने वाचले. दुसऱ्याचे नाव चोरताना, दुसऱ्या गावच्या देवीला घाण बोलताना हा माणूस कचरला नव्हता. पण स्वतःच्या देवाला एक पाऊल मागे सरकवणे त्याला जमले नाही, ना त्या पोस्टमध्ये, ना माझ्या खोलीत. मला त्याची कीव आली नाही. उलट असा संताप आला की मी उठून खिडकीपाशी गेलो.

“तिना माझ्या डंपरांक शाप दिल्यान म्हणान केलंय,” तो शेवटी पुटपुटला.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे मला चांगले ठाऊक होते. दोन पंच बोलावले आणि पंचनामा करून दोन्ही मोबाइल ताब्यात घेतले. दुसऱ्या मोबाइलमध्ये बाईंच्या नावाचे पान उघडेच होते. ठाण्यात येण्याआधी ते बंद करायचेही त्याला सुचले नव्हते. ज्या गटावरून त्याने शेकडो जणांना बटण दाबायला लावले, तो गटही तिथेच होता. कंपनीकडून माहिती आली ती नंतर, दोषारोपपत्र तयार होत असताना. ती तंतोतंत जुळली.

तेराव्या दिवशी आम्ही शेजारच्या गावात गेलो. गावकारांनी देवळापुढच्या मंडपात माणसे जमवली होती. मी भाषण केले नाही. पूर्ण पोस्ट गावकारांच्या हाती दिली आणि पहिल्यापासून वाचा म्हणालो. दुसऱ्या नावावर त्यांनी वाचणे थांबवले. तेवढ्यात गर्दीतल्या चार-पाच म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. मला एक शब्दही सांगावा लागला नाही. गावकारांनी कागदाची घडी केली.

“आमी वाचलांवच नाय,” ते म्हणाले. माझ्याशी पहिल्यांदा मालवणीत. “एक वाक्य बघलांव आणि टेम्पो भरलांव. चुकलांव आमी.”

चौदाव्या दिवशी, म्हणजे ज्या दिवसाची सगळ्यांना भीती होती त्या दिवशी, गावकार आपली माणसे घेऊन खरोखर बाईंच्या दारात गेले. बंदोबस्तावरच्या माझ्या शिपायांनी काठ्या सावरल्या. गावकार आत जाऊन बाकावर बसले आणि म्हणाले, “बाय गो, जेवक वाढ.” त्या दुपारी तीन पंगती उठल्या. भाकऱ्या थापणाऱ्या बायका कधी परत आल्या ते कुणी पाहिले नाही. जेवण झाल्यावर त्याच अंगणात बसून लोकांनी मोबाइल काढले आणि खोटे पान काढा, खरे पान उघडा, अशा तक्रारी सपाट्याने पाठवल्या. त्यातल्या कितीतरी जणांनी तीन आठवड्यांपूर्वी उलटे बटण दाबले होते.

मीही गुन्ह्याच्या प्रतीसह कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला रीतसर नोटीस पाठवली. अखेर एक फोन आला, आणि या वेळी पलीकडे जिवंत माणूस होते. एक मुलगी, हिंदीत बोलणारी, अदबीने. खोटे पान त्यांनी काढले होते. पण ‘उभो आडवो कर’ ही धमकी कशी नाही, हे तिला समजत नव्हते. मी तिला सांगितले, “धमकी देणारा म्हणतो, मी तुला बघून घेईन. ही बाई स्वतः काहीच करणार नाहीये. हातात पळी आहे. ती वरच्याला सांगतेय, तू बघ. ज्याच्यापाशी दुसरा कुठलाच अधिकार नाही, त्याचा हा अर्ज आहे.” ती म्हणाली, “सर, हे आमच्याकडे कुणी लिहूनच ठेवलेलं नाही.” मी म्हणालो, “आता ठेवा.” दोन दिवसांत बाईंचे पान उघडले, सगळ्या व्हिडिओंसह. ठाण्यात पेढे वाटले गेले. कुणी आणले ते मी विचारले नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे कुणी विचारले तर मी सरळ सांगतो. काही मजकूर काढून टाकलाच पाहिजे. ते खोटे पान एक दिवसही राहायला नको होते. पण काय काढायचे हे ठरवणाऱ्याने आधी पूर्ण वाचले पाहिजे, आणि बोलणारा कुठल्या मातीत उभा राहून बोलतो आहे हे पाहिले पाहिजे. यंत्राने ते केले नाही, जमावाने केले नाही आणि नऊ दिवस मीही केले नाही. किती जणांना राग आला, हे मोजून काहीच ठरत नाही. राग जमवता येतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

हे सगळे शहाणपण मला पान उघडल्याच्या तिसऱ्याच दिवशी सिद्ध करावे लागले. बाईंचे नवे गाऱ्हाणे आले आणि ते आमच्यावर होते. रेतीचे डंपर पोलीस ठाण्याच्या फाटकासमोरून जातात, सायब पोस्टी वाचीत बसतत, तेंची नजर जरा रस्त्यार वळव रे म्हाराजा. माझे कान तापले. ज्या बाईसाठी चौदा दिवस घासलो, तिने पहिला नेम आमच्यावर धरला होता. एक उपनिरीक्षक आत येऊन हळूच म्हणाला, “साहेब, रिपोर्ट मारू? आपले सगळे मिळून मारतील.”

मी त्याला समोर बसवले आणि विचारले, “यात खोटं काय आहे?”

त्याने विचार केला. मीही केला. आम्हाला दोघांनाही काही सापडले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी स्वतः फाटकासमोर नाकाबंदी लावली. अकरा वाजेपर्यंत विनापरवाना रेतीचे डंपर आमच्या आवारात मावेनात, वडाखालची जागाही भरून गेली. स्टेशन डायरीत मी माझ्या अक्षरात नोंद केली की सदर कारवाई खानावळचालक महिलेच्या व्हिडिओतील माहितीवरून करण्यात आली. दुपारी जेवताना मी बाईंचे पान उघडले. त्या व्हिडिओखाली कुणीतरी विचारले होते, “बाय, पोलिसांचा भय नाय वाटणा तुका?” त्याखाली बाईंनी एका ओळीत उत्तर दिले होते. छत्तीस वर्षांत मला दोन पदके मिळाली, ती कपाटात आहेत. ती ओळ मात्र मी पाकिटात ठेवली आहे.

“भय कित्याक? भरवसो आसा म्हणानच तेंका बोललंय.”